ओटीचे तांदूळ

रामबाग, इंदूर
रविवार, दुपार

प्रिय वल्लू,

रोज फोनवर बोलतो तर पत्र कशाला, असं तू हे पाकीट फोडतानाच म्हणाली असशील. पण त्या फोनवर तुझे बाबा माझ्या खांद्यावरून डोकं पुढे काढून बसलेले असतात, आणि तिकडे थंडी किती आहे हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शिवाय तू मला मध्येच तोडतेस. पत्राला ते करता येत नाही. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या बाईला सलग बोलायची सवय असते, तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच. आणि हो, ओटीचे तांदूळ शिजवलेस का? मागे दोनदा विचारलं तर 'करते गं' म्हणून विषय बदललास. ते तांदूळ फडताळात जपून ठेवायचे नसतात, जिची ओटी भरली तिने ते शिजवून खायचे असतात. असो. तांदळाकडे मी नंतर येते.

आधी बातमी. तुझी आई सध्या इंदुरात विद्वान म्हणून ओळखली जाते. सुलोचनामावशीने आपल्या महिला मंडळात माझं व्याख्यान ठेवलं होतं, विषय 'परदेशात गेल्यावर पैसे कसे सांभाळावे'. एरवी तिथे उपवासाचे पदार्थ आणि गुडघ्यांचे व्यायाम याखेरीज काही होत नाही. पण हल्ली रामबागेत ज्या त्या घरातलं मूल बाहेर आहे आणि जी ती आई पासपोर्ट काढून बसली आहे, त्यामुळे हॉल भरला. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि तो नारळ घरी न्यायला तुझे बाबा शेवटच्या रांगेत कापडी पिशवी घेऊन बसले होते. माझ्याबरोबर तिकडे चला म्हटलं तेव्हा 'अपने को नहीं जमती वो ठंड, भिया' म्हणून यांनी हात वर केले होते. आता मात्र अशी मान डोलावत होते, जसं काही स्टॉकहोमच्या मेट्रोतून रोज तेच ये-जा करत होते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मनसोक्त भाव खाल्ला. या वयात एकटीने परका देश बघून आलेल्या बाईला तेवढा हक्क आहे.

तर मंडळात मी काय काय सांगितलं ते तुला लिहिते, आणि काय सांगितलं नाही तेही लिहिते. जे सांगितलं नाही, ते तू उभी राहून वाचू नकोस, बसून वाच.

सुरुवात मी सुलोचनाच्या नोटांपासून केली, ती समोरच बसलेली असताना. तिचा अनीश फार वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाला तिकडे गेला होता आणि उरलेल्या नोटा तिने पैठणीच्या घडीत जपून ठेवल्या होत्या. मी निघाले तेव्हा घरी येऊन, डोळ्यांत पाणी आणून, त्या माझ्या हातात कोंबल्या. तू मला बजावलं होतंस की इथे रोख पैसे चालत नाहीत, काही आणू नकोस. पण पर्सच्या आतल्या कप्प्यात चार नोटा असल्याशिवाय आपल्या घरातली बाई कोपऱ्यावरच्या देवळातही जात नाही. पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खालच्या बेकरीत गेले, दालचिनीचा पाव मागितला आणि ऐटीत नोट पुढे केली. तिथल्या मुलीने ती उजेडात धरली, आतून दुसरीला बोलावलं, आणि दोघी त्या नोटेकडे जुना फोटो बघावा तशा प्रेमाने बघत राहिल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या की ही नोट केव्हाच बंद झाली, आणि चालू असती तरी आम्ही नोटा घेतच नाही. म्हणजे एकाच नोटेवर मला दोनदा नकार मिळाला. पण नोटबंदीत बँकेच्या दारात उभं राहिलेल्या बाईला एवढ्याशाने काय होतंय? मी नोट घडी घालून परत ठेवली आणि तू दिलेलं कार्ड काढलं. सुलोचनाने हे सगळं ऐकून घेतलं आणि वर म्हणाली, 'तरी मी म्हणत होते, अनीशला विचारून बघ म्हणून.' तिने असं काहीही म्हटलं नव्हतं.

तुझ्या कार्डाचं मंडळात फार कौतुक झालं. नुसतं टेकवायचं की झालं. पण मी पाव घेऊन जिना चढेपर्यंत तुझा फोन आला, 'आई, आवडला का पाव?' कार्ड टेकवलं की तुझ्या फोनवर निरोप जातो हे मला तेव्हा कळलं. आपल्या छप्पन दुकानांतल्या पोहेवाल्याचा तो पैसे आले की बोलणारा डबा निदान अख्ख्या चौकाला ओरडून सांगतो, इतके रुपये प्राप्त हुए. तुझं कार्ड चोरासारखं फक्त तुझ्या कानाशी लागायचं. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचं दारसुद्धा कार्ड टेकवल्याशिवाय उघडत नाही, आणि मी तिथे गेले हेदेखील माझ्या मुलीला ऑफिसात बसून समजावं, हे काही मला पटेना. म्हणून मला माझं स्वतःचं कार्ड वापरायचं होतं.

ते कार्ड कसं काढलं तेही मी मंडळात रंगवून सांगितलं. बँकेत तो विक्रांत आहे ना, उंच, सतत घाईत असलेला, त्याने माझा पुरा तास घेतला. 'काकू, बड्डे नका ठेवू पिनमध्ये, चोर सबसे पहले वही लगाता है,' असं म्हणाला. लग्नाची तारीख नको, घराचा नंबर नको, एक दोन तीन चार तर नकोच नको. 'और कागज पे तो बिल्कुल नहीं लिखना.' मग मी असा आकडा ठेवला की जो आपल्या तिघांखेरीज जगात कुणाला सुचायचा नाही. पाकिटात एकाच खात्याची दोन कार्डं निघाली, एक हरवलं तर दुसरं असावं म्हणून. ती देताना तो म्हणाला, 'दोनों एक जगह मत रखना, काकू.' मी म्हटलं, बाळा, मंगळसूत्र आणि पाटल्या एका डब्यात ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

आता त्या भाजीची गोष्ट. मंडळात मी ती गंमत म्हणून सांगितली आणि सगळ्या पोट धरून हसल्या. तुझ्या घराजवळच्या मोठ्या दुकानात मी टोपली भरली, बटाटे, कणसं, दूध, तुला आवडतं ते चीज. पैसे द्यायला तुझं कार्ड टेकवलं तर मशीनने नकार दिला. पुन्हा टेकवलं, पुन्हा नकार. मागे रांग लागली. एरवी मी टोपली तिथेच ठेवून बाहेर पडले असते, पण माझ्या पर्समध्ये माझं कार्ड होतं आणि ते काढायची संधी मी पहिल्या दिवसापासून शोधत होते. ते लावलं तर मशीनने विचारलं, पैसे क्रोनरमध्ये घेऊ की रुपयांत? विक्रांतने हेही पढवून ठेवलं होतं, मशीन पूछे तो वहीं का पैसा, रुपया मत दबाना. सगळं पाठ होतं. पण इतक्या लांब, त्या परक्या मशीनवर आपल्या रुपयाचं नाव दिसलं आणि माझं बोट आपोआप तिकडे गेलं. आपल्याच रुपयाला तिथे नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी रुपये दाबले आणि मान ताठ ठेवून पिशवी उचलली.

संध्याकाळी तू पावती बघितलीस आणि मला समजावलंस की रुपये म्हटलं की ते मशीन आपल्या मनाने भाव लावतं आणि मधल्या मध्ये स्वतःचा वाटा काढून घेतं. इथवर मंडळात सांगितलं. सगळ्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं, मशीनने विचारलं तर तिथलंच चलन. पुढचं मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला घेऊन परत त्या दुकानात गेलीस, रांगेत उभी राहिलीस, तो व्यवहार रद्द करून घेतलास आणि पुन्हा क्रोनरमध्ये करून घेतलास. फरक किती, तर फार तर त्या बटाट्यांइतका. ज्या मुलीने बाबांच्या साठीला टीव्ही पाठवताना किंमत विचारली नव्हती, ती बटाट्यांच्या पैशांसाठी रांगेत उभी होती. आणि तुझं कार्ड का चाललं नाही असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, 'होतं गं त्याला कधी कधी,' आणि माझ्या कानातल्या कुड्यांकडे बघितलंस. खोटं बोलताना तू डोळ्यांकडे न बघता माझ्या कानांकडे बघतेस. पहिलीत असताना डबा सांडला नाही म्हणून सांगत होतीस तेव्हापासून.

मग मला एकेक दिसायला लागलं. त्या रिकाम्या बाटल्यांचंच घे. दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की चिठ्ठी मिळते आणि तेवढे पैसे बिलातून कमी होतात, हे ऐकून मंडळात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. आपण इंदूरवाले कचऱ्याच्या बाबतीत कुणाला हार जाणारे नाही, पण कचऱ्याचे पैसे अजून आपल्याला कुणी दिले नव्हते. तू पिशवी भरून बाटल्या न्यायचीस, आणि एकदा बागेतल्या बाकाखाली पडलेलीसुद्धा तू वाकून उचललीस. मला वाटलं, बघा आमच्या इंदूरचे संस्कार. मी लगेच फोटो काढून बाबांना पाठवला आणि त्यांनी तो अख्ख्या कॉलनीला पाठवला. आता तो फोटो बघते तेव्हा मला तुझ्या हातातली ती फुगलेली पिशवी आधी दिसते.

आणि फुलं. रोज संध्याकाळी तू ऑफिसातून फुलं आणायचीस, जरा कोमेजलेली, पण अशी की आपल्याकडे सणालाही मिळू नयेत. म्हणालीस, 'ऑफिसात रोज ताजी ठेवतात, कालची आम्ही घेऊन जातो.' मी तुझ्या देवांपुढे ती मांडायची आणि सुलोचनाला फोन करून सांगायची, असं असतं बघ तिकडचं ऑफिस. पण ज्या ऑफिसात दररोज फुलं बदलतात ते ऑफिस तू मला दाखवलं मात्र नाहीस. यायच्या आधी किती वेळा म्हणाली होतीस, आई, आमच्या गच्चीवरून अख्खं शहर दिसतं, तुला नेणार. मी आल्यावर मात्र गच्चीची दुरुस्ती निघाली. तेव्हाही तू माझ्या कुड्यांकडेच बघत होतीस.

तू कामाला गेलीस की मी मेट्रोने भटकायला लागले होते, हे तुला माहीत आहे. मी हरवेन अशी तुला धास्ती होती आणि निघताना तू दहा सूचना द्यायचीस. मला हसू यायचं, कारण आपल्या घरात आजवर हरवलेलं माणूस एकच, आणि ते तू. रंगपंचमीच्या गेरमध्ये, त्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर बाबांचा हात सुटला तेव्हा तू जेमतेम सहा वर्षांची होतीस. चेहरा रंगाने असा माखलेला की मूल कुणाचं तेही ओळखू येऊ नये. पण घरचा फोन नंबर मी तुला गाण्यासारखा चालीवर पाठ करून घेतला होता, हरवलीस तर कुणाही मोठ्या माणसाला हा म्हणून दाखवायचा. बाबा गर्दीत वेड्यासारखे धावत होते, मी घरी फोनजवळून हलले नव्हते, आणि एका बांगड्यांच्या दुकानातून फोन आला. दुकानदार म्हणाला, 'बहनजी, आपकी बिटिया यहाँ बैठके जलेबी खा रही है, और नंबर गा रही है.' माझा जीव तेव्हा भांड्यात पडला, पण त्याहून जास्त मला तुझं कौतुक वाटलं होतं. एवढ्याशा पोरीने रडून गोंधळ घातला नव्हता, जे शिकवलं ते केलं होतं.

तर त्या दिवशी मी माझं कार्ड टेकवून मेट्रोत बसले आणि त्या मोठ्या चौकातल्या फुलांच्या बाजारात उतरले. रोज तूच फुलं आणतेस, एक दिवस माझ्या पैशांची न्यावीत, एवढाच विचार होता. बादल्यांतून फुलं बघत चालले होते, आणि एका दुकानापुढे तू दिसलीस. हिरवा एप्रन, केस वर बांधलेले, दोन्ही हातांत मातीचं पोतं. ते तू खाली ठेवलंस, हात झटकलेस आणि लगेच वळून एका गिऱ्हाइकाशी बोलायला लागलीस. मी सूर्यफुलांच्या बादल्यांमागे थांबले. एक म्हातारं जोडपं होतं, जपानी असावं. त्यांनी कुंडी घेतली, तू मशीन पुढे केलंस, आणि त्या आजोबांचं बोट हवेतच थांबलं. मग ते हळूहळू नको त्या बटनाकडे निघालं. तू चटकन मशीनवर हात आडवा धरलास, हसून मान हलवलीस आणि दुसऱ्या बटनावर बोट टेकवून दाखवलंस. तू काय सांगत होतीस ते मला इतक्या लांबून ऐकू येण्याची गरज नव्हती. जगातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना आपल्या पैशाचा मोह आवरत नाही, हे बघून मला बरंही वाटलं. आजोबांनी कमरेत वाकून तुला नमस्कार केला आणि तूही तसाच केलास.

वल्लू, मला रडू आलं हे खरं आहे, पण वाईट वाटून नाही. नीट वाच. तुला नोकरी लागली तेव्हा बाबांनी मावाबाटी वाटली, पेपरात तुझा फोटो आला तेव्हा मी तो शाळेच्या स्टाफरूममध्ये नेला, तो सगळा अभिमान सगळ्यांबरोबर वाटून घेतलेला होता. हा माझा एकटीचा होता, आणि त्या सगळ्याहून मोठा होता. कंपनीने तुला केव्हा काढलं, का काढलं, मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. पण पगार थांबल्यावर तू रडत घरी बसली नाहीस, मला तिकीट रद्द कर असं म्हणाली नाहीस, पोती उचललीस आणि त्या पैशांत मला बोटीतून बेटांवर फिरवून आणलंस. लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून रोज सकाळी वेळेवर निघत होतीस. मला तर वाटतं त्या बॅगेत एप्रनच असायचा. आईचं येणं बिघडू नये म्हणून तू हे सगळं एवढ्या नेटाने केलंस, तर ते उघडं पाडणारी मी कोण? म्हणून मी हाक मारली नाही. पलीकडच्या दुकानातून पिवळी फुलं घेतली, मशीनने विचारल्यावर शहाण्यासारखं क्रोनर दाबलं, आणि घरी आले.

त्या संध्याकाळी मी भुट्ट्याचा कीस केला होता, आठवतं का? वरून आपला जीरावन मसाला घातला आणि तू तीनदा घेतलास. मीटिंग लांबली म्हणालीस. तुझ्या नखांत माती होती. मी फक्त हात धू म्हटलं. त्यानंतर मी माझ्या कार्डातले पैसे खर्च करायला लागले, ते परत नेता येत नाहीत अशी थाप मारून. तेल आणलं, पीठ आणलं, डाळी आणल्या. तुला ते फार दिवस चाललं नाही. 'पाहुण्यांनी घरात सामान भरायचं नसतं,' असं म्हणून तू माझी पर्सच कपाटात ठेवलीस. मान ताठ ठेवायची सवय तुला कुणाकडून लागली ते मला चांगलं माहीत आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही. दुसरा मार्ग शोधला.

व्याख्यान संपल्यावर आपल्या मंडळातल्या सगळ्यांत जुन्या यमुनाताईंनी विचारलं, 'आणि वल्लरी कशी आहे? मोठ्या हुद्द्यावर असेल ना?' मागे बाबा खुर्चीत ताठ झाले. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, माझी मुलगी परक्या देशात एकटी घर चालवते, तिकडची भाषा तिकडच्यांसारखी बोलते, आणि पैसे देताना अडलेल्या म्हाताऱ्या माणसांना योग्य बटन दाखवते. टाळ्या पडल्या. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तेव्हापासून बाबा लोकांना सांगत सुटले आहेत की वल्लरी आता बँकिंगमध्ये गेली. मी त्यांना दुरुस्त केलेलं नाही. सांगायचं ते तू सांग, तुला वाटेल तेव्हा. ते आधी थंडी किती आहे ते विचारतील आणि मग आपल्या मित्रांना सांगतील की आमची वल्लरी फुलांच्या बाजारात आहे. त्यांचीही मान खाली जाणार नाही, एवढी मी त्यांना ओळखते.

निघायच्या दिवशी मी तुझी ओटी भरली. सुलोचना म्हणते, ओटी लग्न झालेलीचीच भरतात. मी म्हणते, जी स्वतःच्या बळावर घर उभं ठेवते तिची ओटी नाही भरायची तर कुणाची भरायची? खण मी नेला होता, नारळ तू थाई दुकानातून आणलास, तांदूळ इंदूरहून नेले होते. अडलं ते नाण्यावर. अख्ख्या घरात एक नाणं नाही. तू म्हणालीस, 'आई, ओटीला कार्ड टेकवलं तर चालेल का?' आणि आपण दोघी खाली बसून हसलो. मग तू समोरच्या आजींकडे गेलीस. त्यांनी फुलदाणीच्या तळातून एक क्रोना शोधून काढला आणि काय चाललंय ते बघायला स्वतःच आत आल्या. मी त्यांनाही कुंकू लावलं. त्या बराच वेळ आरशात बघत होत्या. तांदूळ मी महेश्वरीच्या कापडाच्या पिशवीत घातले होते, तोंडाला दुहेरी गाठ मारून. तू पदर नव्हता म्हणून ओढणी पुढे केलीस आणि ती पिशवी घेतलीस. नाही म्हणाली नाहीस, कारण ओटीला नाही म्हणत नाहीत.

आता त्या तांदळाकडे येते. मला परत येऊन महिना होत आला आणि मी वाट बघते आहे तो बँकेचा निरोप माझ्या फोनवर एकदाही वाजला नाही, म्हणजे ती गाठ तू अजून सोडलेलीच नाहीस. तेवढ्यासाठी हे पत्र. आज सोड. तांदळाच्या तळाशी माझं दुसरं कार्ड आहे. दोन्ही एका जागी ठेवू नका असं विक्रांतने सांगितलं होतं, तर एक रामबागेत आहे आणि एक तुझ्या स्वयंपाकघरात. त्यात माझ्या पेन्शनचे पैसे आहेत, आणि तुला हवी तशी नोकरी मिळेपर्यंत मी ते संपू देणार नाही. परत पाठवायचं मनातही आणू नकोस. ओटीतलं परत करत नाहीत, आणि म्हणूनच मी ते ओटीत घातलं. तू कार्ड टेकवलंस की तो निरोप येऊन इकडे माझा फोन वाजेल. काय घेतलंस ते मी विचारणार नाही, तुझ्यासारखी पावाची चौकशी करणार नाही. वाजला की समजेन, वल्लूने आज दूध घेतलं, भाजी घेतली, आणि माझी दुपार बरी जाईल. पिन कागदावर लिहायचा नसतो म्हणून लिहीत नाही. पण तो तुला पाठ आहे. हरवलीस तर म्हणून दाखवायचा असं सांगून शिकवलेला आपल्या घरचा जुना नंबर, त्याचे शेवटचे चार आकडे.

तुझीच,
फोनजवळ बसलेली
आई